घरातील उजेड आणि घरचा कॅमेरा

१९१२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात धुंडिराज गोविंद फाळके लंडनला गेले, ते मुख्यतः कॅमेरा निवडण्यासाठी. त्या शहरात त्यांची कोणाशी ओळख नव्हती. 'बायस्कोप' नावाचे एक इंग्रजी साप्ताहिक ते वाचीत असत, एवढाच काय तो धागा. त्या धाग्यास धरून ते साप्ताहिकाच्या कचेरीत गेले आणि संपादक कॅबोर्न यांच्यापुढे उभे राहिले. कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना या नादापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला; पण पाहुण्याचा निश्चय पाहून मग चित्रपट काढणाऱ्या सेसिल हेपवर्थ यांच्या कलागृहाची वाट दाखविली. चौकशी पुरी झाल्यावर फाळक्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा ५० पौंडांस घेतला, कोऱ्या फिल्मची मागणी नोंदविली आणि एप्रिलच्या आरंभी ते मुंबईस परतले.

यापुढची गोष्ट अधिक बोधक आहे. कॅमेरा घरी आल्यावर त्याची पारख करण्यासाठी फाळक्यांनी कोणता देखावा निवडला? आसपासची मुलेमुली. त्यांची चित्रे घेऊन, ती पडद्यावर पाहून, यंत्र नीट चालते अशी त्यांची खात्री झाली. त्यानंतर एका कुंडीत वाटाणे पेरून, कॅमेरा तिच्यासमोर ठेवून, महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेत त्यांनी 'अंकुराची वाढ' हा एका मिनिटाहून थोडा मोठा पट तयार केला. 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो १९१३ च्या मे महिन्यात. परंतु त्याच्या आधीची परीक्षा झाली ती घरच्या कुंडीवर आणि घराभोवतीच्या पोरांवर.

आज घरासाठी चलच्चित्राचा कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या गृहस्थास लंडनला जावे लागत नाही. त्याची अडचण नेमकी उलट आहे. दुकानात शंभर यंत्रे मांडलेली असतात, प्रत्येकाच्या खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात, आणि शिवाय त्याच्या स्वतःच्या खिशात फोन असतोच. दुकानदार जे नमुन्याचे चित्र दाखवितो ते बहुधा एखाद्या निळ्या सरोवराचे, फुलांच्या ताटव्याचे किंवा बर्फाच्छादित शिखराचे असते, आणि ते भर उन्हात घेतलेले असते. भर उन्हात वाईट चित्र काढणारा कॅमेरा आज शोधूनही सापडणार नाही. तेव्हा त्या सरोवराकडे पाहून निवड करणे म्हणजे सासरी नांदणाऱ्या मुलीची प्रकृती तिच्या लग्नातल्या छायाचित्रावरून ठरविण्यासारखे आहे.

घरचा कॅमेरा घरात चालतो. त्याच्यापुढे येणारे प्रसंग एकदा डोळ्यांपुढे आणून पाहावेत. बारशाचा पाळणा माजघरात बांधलेला असतो. दिवाळीचे अभ्यंगस्नान पहाटेच्या काळोखात होते. गौरी जेवतात त्या देवघरासमोर, आणि आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची शांत बैठकीच्या खोलीत होते. महाराष्ट्राबाहेर पाहिले तरी तोच प्रकार. कलकत्त्याच्या दुर्गापूजेतील आरती संध्याकाळची, तामिळ घरातील नवरात्राच्या बाहुल्यांचा कोलू दिव्यांच्या उजेडातला, पंजाबातील लोहडीची शेकोटी तर पौषाच्या रात्रीची. या देशाला ऊन भरपूर मिळाले आहे. परंतु घरातील आनंदाचे क्षण मात्र त्याने बहुतेक दिवेलागणीनंतर राखून ठेवले आहेत.

उजेडातील हे अंतर केवढे आहे याची डोळ्यास कल्पना येत नाही, कारण डोळा फार सोशिक आहे. उजेड मोजण्याचे लक्स नावाचे एकक आहे. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर पडणारा प्रकाश सुमारे १ लक्स असतो. दुपारच्या उन्हात अंगणात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. तोच मनुष्य रात्री दिवे लावलेल्या बैठकीत आला की शंभर-दीडशे लक्सवर येतो, कित्येक घरांत त्याहूनही खाली. म्हणजे प्रकाश हजारावा हिस्सा उरला, तरी डोळा कुरकूर करीत नाही. कॅमेरा मात्र करतो. पुरेसा प्रकाश मिळाला नाही म्हणजे तो आलेला क्षीण संदेश वाढवून दाखवितो, आणि त्याबरोबर यंत्रातील गोंधळही वाढतो. काळ्या केसांवर, भिंतीच्या सावलीत, रंगीबेरंगी रव्यासारखे कण वळवळू लागतात. चित्राचा दर्जा म्हणून जे म्हणतात, त्याची खरी कसोटी येथे आहे.

१९८० नंतरच्या दशकातील लग्नांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. १९८२ साली भारतात रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ आला, आणि लग्नमंडपात कॅमेरेवाल्याबरोबर प्रखर दिवा धरणारा एक पोऱ्या हिंडू लागला. त्या काळातील कॅमेऱ्यांना उजेडाची भूक फार. परिणामी त्या चित्रांत नवरानवरी घामाघूम झालेली, वऱ्हाडी मंडळी डोळे मिचकावीत जेवणारी, आणि दिव्याच्या वर्तुळाबाहेरचे सर्व जग काळेकुट्ट असे दिसते. वधूची आई कोपऱ्यात डोळे टिपीत उभी असली तरी ती त्या काळोखात गेली ती गेलीच.

कॅमेऱ्यात प्रकाश कोठे आणि कसा साठतो, हे एकदा समजले की निवडीचे निम्मे काम झाले. भिंगातून आत आलेला प्रकाश एका लहानशा फलकावर पडतो. त्यास सेन्सर म्हणतात. पूर्वी फिल्मची पट्टी जे काम करीत असे ते आता हा फलक करतो. पाऊस सर्वांवर सारखाच पडत असला तरी अंगणात ठेवलेल्या वाटीत जेवढे पाणी जमते त्याहून परातीत अधिक जमते. सेन्सरचेही तसेच. लहान घरगुती कॅमेऱ्यांत पुष्कळदा आढळणारा सेन्सर सुमारे ६.२ मिलिमीटर लांब व ४.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा असतो. त्याहून वरच्या वर्गातील 'एक इंची' सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. त्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट भरते. भिंगे बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांतील एपीएस-सी नावाचा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे पहिल्याच्या तेरापट.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. 'एक इंची' सेन्सर कोणत्याही बाजूने मोजला तरी एक इंच भरत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तो १६ मिलिमीटरच्या आसपास असतो. दूरदर्शनच्या जुन्या कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत. त्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असला तर तिला एक इंची नळी म्हणत, पण चित्र पडण्याजोगी जागा तिच्यात तेवढीच असे. नळ्या गेल्या आणि हिशेब राहिला. खोक्यावर इंचांचा अपूर्णांक पाहून गोंधळणाऱ्या गिऱ्हाइकाने मिलिमीटर विचारावेत; ते सांगता न येणाऱ्या दुकानदारापेक्षा सांगणारा दुकानदार शोधणे बरे.

सेन्सरइतकेच भिंगाला महत्त्व आहे. भिंगाचे तोंड किती उघडते ते एफ या अक्षरापुढील अंकाने सांगतात आणि तो अंक जितका लहान तितका प्रकाश अधिक. एफ २ चे भिंग एफ ४ च्या चौपट प्रकाश आत घेते. लांबचे जवळ आणणारे झूम भिंग या बाबतीत थोडे लबाड असते. कॅमेऱ्यावर जो लहान अंक ठळकपणे छापलेला असतो तो बहुधा झूम मुळीच न ताणता मिळणारा असतो. भिंग ताणले की तोंड आकसत जाते. शाळेच्या संमेलनात शेवटच्या रांगेत बसून रंगमंचावरील आपल्या मुलीचा चेहरा जवळ आणू पाहणाऱ्या बापाला त्याच वेळी प्रकाश कमी पडू लागतो, त्याचे कारण हेच. म्हणून दोन अंक विचारावेत: आखूड टोकाचा आणि लांब टोकाचा. 'डिजिटल झूम' म्हणून जो शेकड्यांनी सांगितला जाणारा आकडा असतो, तो तर घेतलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून फुगविण्याचा उद्योग आहे. तो हिशेबात धरूच नये.

पिक्सेलांचा आकडा मात्र लोकांच्या मनावर विलक्षण पगडा बसवून आहे. एचडी चित्रात १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार चित्रकण असतात. फोर-के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रात ३८४० बाय २१६० म्हणजे बरोबर त्याच्या चौपट. मोठ्या पडद्यावर, चांगल्या उजेडात घेतलेले फोर-के चित्र पाहण्यासारखे असते यात शंका नाही. पण माजघरातील अंधुक प्रकाशात, तुरीच्या दाण्याएवढ्या सेन्सरने घेतलेले फोर-के चित्र म्हणजे चौपट नीट दिसणारा रवा. आणि हा रवा झाकण्यासाठी कॅमेरा जे करतो ते त्याहूनही वाईट. तो चित्र आतल्या आत पुसून गुळगुळीत करतो. कित्येक फोनही असेच करतात. मग आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांचे जाळे नाहीसे होते, इरकली लुगड्याच्या काठाची विणकर विसरून जाते, आणि ओळखीचा चेहरा चिनी मातीच्या बाहुलीसारखा दिसू लागतो. तरुण मंडळींना यात सौंदर्य वाटत असेल. परंतु ज्या चेहऱ्याची पुढे आठवण काढावयाची, त्याच्या सुरकुत्या गेल्या तर उरले काय?

भारतातील घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती न कळल्यामुळे पुष्कळ चांगले कॅमेरे बदनाम झाले आहेत. या देशातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा फेऱ्या घेतो. प्रत्येक फेरीत दिव्याचा प्रकाश दोनदा चढतो व दोनदा उतरतो. म्हणजे दांडीदिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला हे दिसत नाही. दूरदर्शनची पद्धतही या देशात त्याला अनुसरून सेकंदास २५ चित्रांची ठरली. अमेरिकेत विजेच्या फेऱ्या ६० आणि चित्रे ३०. आता न्यू जर्सीतील मुलगा सुट्टीत पुण्याला किंवा बडोद्याला येताना आईवडिलांसाठी तिकडचा कॅमेरा आणतो. दिवसा गच्चीवर घेतलेली चित्रे सुरेख येतात. रात्री दिवे लागले की पडद्यावर उजेडाच्या व अंधाराच्या पट्ट्या वरून खाली सरकू लागतात, किंवा सबंध चित्र धडधडते. घरची मंडळी म्हणतात, कॅमेरा बिघडला. दुरुस्तीवाल्यालाही तो कित्येकदा बिघडलेलाच वाटतो.

वस्तुतः बिघाड काहीच नसतो. कॅमेऱ्याचे शटर दर चित्रास एक साठांश सेकंद उघडे राहते, आणि दिव्याच्या चढउताराशी त्याचा ताळ बसत नाही. एका चित्राला थोडा अधिक प्रकाश मिळतो, दुसऱ्याला थोडा कमी. पुष्कळ कॅमेऱ्यांत ६० ऐवजी ५० ची, म्हणजेच एनटीएससीऐवजी पीएएलची, निवड करण्याची सोय असते. ती केली की रोग बरा होतो. काही कॅमेऱ्यांत, विशेषतः केवळ एका देशासाठी बनविलेल्यांत, ती नसते. तेथे शटर हाताने एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवता आले तरी चालते, कारण मग प्रत्येक चित्रात दिव्याची पुरी चढउतार सामावते. तीही सोय नसेल तर तो कॅमेरा कितीही नामांकित असो, भारतातील घरात रात्री तो उपयोगाचा नाही. विमानतळावरील दुकानातून खरेदी करणाऱ्यांनी हा एक प्रश्न विसरू नये. स्वस्त एलईडी दिवेही असेच लुकलुकतात. चांगल्या बनावटीच्या दिव्यांत हा दोष फारसा जाणवत नाही.

हात हलणे हा दुसरा मोठा शत्रू. तो आवरण्याचे दोन मार्ग कॅमेऱ्यांत असतात. एकात भिंगाचा किंवा सेन्सरचा भाग प्रत्यक्ष हलवून थरथर भरून काढतात; दुसऱ्यात चित्राच्या कडा कापून मधला भाग स्थिर राखतात. पहिला बरा, कारण त्यात चित्र कापले जात नाही. पण याहून स्वस्त आणि खात्रीचा तिसरा मार्ग आहे: तिपाई, आणि ती नसेल तर दाराची चौकट. खांदा चौकटीला टेकवून, श्वास संथ ठेवून घेतलेले चित्र पाहिले म्हणजे स्थिरतेसाठी अधिक मोजलेले कित्येक हजार रुपये वाचले असते असे वाटू लागते.

चित्राचा विचार करताना ध्वनीचा विचार बहुतेक राहून जातो. आकाशवाणीच्या श्रोत्यांना तरी आवाजाचे मोल निराळे सांगण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याच्या अंगातला मायक्रोफोन बोलणाऱ्यापासून दहा हातांवर असतो आणि डोक्यावरचा पंखा त्याहून जवळ. त्याला दोघांतील भेद कळत नाही. म्हणून बाहेरून मायक्रोफोन जोडण्याचे छिद्र कॅमेऱ्याला आहे की नाही, हे पाहूनच तो घ्यावा. सदऱ्याला अडकविण्याचा साधा मायक्रोफोन थोड्या पैशांत मिळतो. एखाद्या वृद्धेने ओव्या म्हटल्या, आणि पुढे तिची नात त्या ऐकू लागली तेव्हा पंख्याच्या घरघरीवाचून काही ऐकू आले नाही, तर चित्र कितीही स्वच्छ असून त्याचा काय उपयोग?

आता निवडीचा प्रश्न. बहुसंख्य घरांसाठी फोन पुरेसा आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चांगल्या फोनचे मुख्य भिंग एफ २ हून लहान अंकाचे असते, तो नेहमी जवळ असतो, आणि बाळाने टाकलेले पहिले पाऊल कपाटातील कॅमेरा काढीपर्यंत थांबत नाही. मात्र फोनच्या इतर भिंगांमागील सेन्सर बहुधा अधिक लहान असतात. म्हणून संध्याकाळनंतर मुख्य भिंगच वापरावे आणि जवळ जाण्यासाठी पायांनी चालावे.

ज्यांच्या घरी मुले नाचतात, गातात, खेळतात, त्यांची गोष्ट निराळी. अरंगेत्रम दोन तास चालते; फोन तापतो, त्याची जागा भरते, आणि लांबून चेहरा दिसत नाही. तेथे खास चलच्चित्रासाठी बनविलेला, लांब झूमचा, हातात बसणारा कॅमकॉर्डर अजूनही कामाचा आहे. फोनने त्याचा बाजार पुष्कळसा खाल्ला आहे, नवी यंत्रे थोडी निघतात. पण एक इंची सेन्सरचे, वापरलेले परंतु सुस्थितीतील यंत्र मिळाले तर ते नव्या कोऱ्या लहान सेन्सरच्या यंत्रापेक्षा केव्हाही घ्यावे. छायाचित्रासाठी बनविलेले जुने कॅमेरे या कामाला लावावयाचे तर आधी ते सलग किती वेळ चालतात हे विचारावे. त्यांतील पुष्कळसे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबत, कारण युरोपात अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणाऱ्या यंत्रावर निराळी जकात पडे. जकातीसाठी नाचाचा उत्तरार्ध गमावणे कोणालाही आवडणार नाही.

मोठ्या सेन्सरचा, भिंगे बदलणारा कॅमेरा घेण्यास धैर्य आणि वेळ दोन्ही लागतात. दिवेलागणीच्या उजेडात त्याच्यासारखे चित्र दुसरा देत नाही. त्यासोबत मिळणाऱ्या झूम भिंगाऐवजी एफ १.८ चे एकाच अंतराचे साधे भिंग घेतले, तर माजघरात त्याचा उपयोग कितीतरी अधिक. पण मोठ्या सेन्सरबरोबर एक अवघड गोष्ट येते: थोडेच अंतर स्पष्ट दिसते, मागचेपुढचे अस्पष्ट होते. रांगते मूल दोन हात पुढे सरकले की नाक स्पष्ट आणि डोळे धूसर. लहान सेन्सरमध्ये हा त्रास जवळजवळ नाही. तेव्हा मोठे ते सर्वच बाबतीत चांगले, असा नियम येथेही करता येत नाही. शिवाय कोकणात, केरळात, आसामात राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा खर्च आधीच धरावा. दमट हवेत भिंगावर बुरशी चढते आणि एकदा ती काच खाऊ लागली की चित्रावर कायमचे धुके येते. घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, एवढी तजवीज पुरते. कातडी पिशवीत बांधून कपाटात ठेवणे मात्र टाळावे, कारण कातडे ओल धरून ठेवते.

चांगले चित्र घेतले तरी ते टिकले पाहिजे, आणि या बाबतीत मागचा अनुभव फार शिकविणारा आहे. कोडॅक कंपनीने १९३२ साली ८ मिलिमीटरची फिल्म काढली आणि चलच्चित्र श्रीमंतांच्या घरात शिरले. एक रीळ चार मिनिटांच्या आसपास चाले; त्यामुळे लोक विचार करून कळ दाबीत. १९६५ साली सुपर-८ आली. तिचे खोके कॅमेऱ्यात नुसते घालावे लागे. मग १९८५ च्या सुमारास हातात मावणारे व्हिडिओचे कॅमेरे आले, आणि १९९५ साली मिनी-डीव्ही नावाची अंकीय फीत. प्रत्येक पायरीवर सोय वाढली. परंतु आज त्या साऱ्यांकडे मागे वळून पाहिले तर विलक्षण दृश्य दिसते. आजोबांची आठ मिलिमीटरची पट्टी खिडकीसमोर धरली तर आजही त्यातील माणसे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वडिलांनी काढलेली व्हीएचएस फीत उजेडात धरली तर तपकिरी पट्टीवाचून काहीच दिसत नाही. ती वाचणारे यंत्र लागते, आणि त्या यंत्रांच्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, २०१६ सालच्या जुलैत ती बनविणे थांबविले. ज्या घरांत अशा फिती पडून आहेत, त्यांनी नवा कॅमेरा घेण्याआधी त्या फितींची अंकीय प्रत करून घ्यावी. ओल आणि काळ दोघेही त्यांवरील चुंबकीय लेप रोज थोडा थोडा सोडवीत आहेत.

नव्या कॅमेऱ्यांत फीत नाही, नखाएवढे कार्ड आहे. चित्र त्यावर दाबून साठविलेले असते. किती दाबले आहे, ते सेकंदास किती मेगाबिट या आकड्यावरून समजते. एचडी चित्र सेकंदास २४ मेगाबिट या वेगाने साठविले तर तासाला ११ गिगाबाइटच्या आत जागा लागते. फोर-के चित्र १०० मेगाबिटने साठविले तर ४५ गिगाबाइट. जागा वाचविण्यासाठी हा आकडा खाली आणणारे पुष्कळ आहेत. पण अधिक दाबलेल्या चित्रात झाडाची पाने, कारंज्याचे तुषार, होमाचा धूर या हलत्या गोष्टींच्या चौकोनी चिंध्या होतात. कार्ड पुन्हा विकत मिळते. मौंजीचा होम पुन्हा होत नाही.

राहता राहिली परीक्षा. ती दुकानात करावयाची असेल तर कॅमेरा झगमगाटातून काढून दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवावा. त्याहून बरे म्हणजे ओळखीच्या माणसाकडून तो एका संध्याकाळपुरता घरी आणावा. घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला खिडकीपाशी बसवावे, मागे मावळतीचा उजेड आणि पुढे खोलीतला दांडीदिवा असा. पंखा चालू ठेवावा. कॅमेरा हातातच धरावा. त्या माणसाला त्याचे नाव, त्याचे जन्मगाव आणि लहानपणच्या घरात किती माणसे होती एवढेच विचारावे. दोन मिनिटे पुरेत.

मग ती दोन मिनिटे कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर न पाहता बैठकीतील मोठ्या दूरदर्शन संचावर लावावीत. खिडकी नुसती पांढरी फटफटीत झाली आहे, की बाहेरचे झाड दिसते? खिडकी सांभाळताना चेहरा काळवंडला काय? डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या मोजता येतात काय? केसांवर कण वळवळतात काय? भिंतीवर पट्ट्या सरकतात काय? फिरणाऱ्या पंख्याची पाती विळ्यासारखी वाकडी दिसत असतील तर सेन्सर चित्र ओळीओळीने सावकाश वाचतो असे समजावे. धावणारी मुले अशा कॅमेऱ्यात तिरपी होतात. आणि शेवटी डोळे मिटून ऐकावे, गावाचे नाव स्पष्ट ऐकू येते काय.

या कसोटीस जो उतरेल तो कॅमेरा घ्यावा, मग खोक्यावरील आकडा काही का असेना. न उतरला तर परत द्यावा. मात्र परत देण्यापूर्वी कार्डावरील ती दोन मिनिटे पुसून टाकू नयेत. दोन निरनिराळ्या ठिकाणी त्यांच्या प्रती कराव्यात आणि नावापुढे तारीख व गाव लिहून ठेवावे.